इंजेक्शन चालू, पण रक्त वाढेना

वाचकाचं पत्र (थोडं आटोपशीर करून)

मॅडम, सप्रेम नमस्कार, वि. वि. मी लातूरला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, गाव औसा तालुक्यात. माझ्या वडिलांच्या (दादा, वय 51) दोन्ही किडन्या शुगरमुळे गेल्या. आठ महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू आहे. रक्त वाढावं म्हणून एरिथ्रोपोएटिनचं 4000 युनिटचं इंजेक्शन आठवड्याला दोन वेळा देतात, तरी एचबी (हिमोग्लोबिन) 7.9 वरून हलत नाही. ओळखीचे एक जण म्हणतात, सरळ 10,000 चं घ्या. फेरिटिन 640 आलं म्हणून आम्ही लोहाच्या गोळ्या बंद केल्या. रिपोर्टवर ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन 14 टक्के लिहिलंय, त्याचं काय समजायचं? आई रोज बीट-डाळिंबाचा रस आणि गूळ-शेंगदाणे देते. दुसरीकडे चुलत्यांचं (अण्णा, वय 58) एचबी 18.9 आलंय आणि डॉक्टरांनी जॅक-2 नावाची तपासणी सांगितली आहे. घरात सगळे म्हणतात, एका भावाचं रक्त दुसऱ्याला द्या, दोघांचंही भागेल. असं होतं का? आमच्या खानदानातच रक्ताचा दोष आहे का? मला होईल का? इंजेक्शनं मीच एस.टी.ने लातूरहून आणतो आणि घरच्या फ्रीजमध्ये ठेवतो. ता. क. डायलिसिसहून आल्यावर रात्री दादांना बऱ्याचदा थंडी वाजून ताप येतो. मानेतली नळी अजून तशीच आहे.

उत्तर

सगळ्यात तातडीची गोष्ट तू ता. क. मध्ये टाकलीस, म्हणून मी तिथूनच सुरू करते. मानेत नळी असलेल्या माणसाला डायलिसिसच्या रात्री हुडहुडी भरून ताप येत असेल, तर त्या नळीत जंतुसंसर्ग झालाय का हे तपासलंच पाहिजे. पुढच्या पाळीची वाट बघू नकोस. हे वाचलंस की डायलिसिस युनिटला फोन लाव. आत्ता ताप असेल तर फोन करत बसू नका, थेट दवाखान्यात घेऊन जा. ते रक्त कल्चरला (त्यात जंतू वाढतात का ते बघायला) लावतील, नळीतूनही आणि हाताच्या शिरेतूनही. पॅरासिटामॉल देऊन 'उतरला बुवा ताप' म्हणत राहिलात तर संसर्ग रक्तात पसरून जिवावर बेतू शकतं. आणि तुझा पहिला प्रश्न, इंजेक्शन देऊनही एचबी का वाढत नाही, त्याचं निम्मं उत्तर बहुधा याच तापात आहे. ते कसं, हे समजायला पेशीच्या आत डोकवावं लागेल. तू बी.एस्सी.चा आहेस म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एरिथ्रोपोएटिन (पुढे ईपीओ म्हणते) हे एक हार्मोन आहे: 165 अमिनो आम्लांची साखळी आणि तिला लगडलेल्या शर्करेच्या शाखा. मोठ्या माणसात ते मुख्यतः किडनीत तयार होतं. किडनीतल्या नलिकांच्या मधल्या जागेत काही पेशी असतात, ऑक्सिजन कमी पडतोय हे त्यांना कळतं. कळण्याची रीत मोठी नामी आहे. या पेशी एचआयएफ नावाचं एक प्रथिन सतत बनवत असतात आणि ऑक्सिजन भरपूर असेल तर तो ऑक्सिजन वापरूनच त्याच्यावर खूण करून लगेच मोडूनही टाकतात. ऑक्सिजन घटला की खूण होत नाही, एचआयएफ साठतं, केंद्रकात जातं आणि ईपीओचा जीन चालू करतं. हे कोडं सोडवणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना 2019 चं नोबेल मिळालं. शुगरमुळे किडनीत वण पडत जातात तशा याच पेशी आपलं मूळ काम सोडून वणाच्या पेशी बनतात. दादांच्या अंगात ऑक्सिजन कमी पडत असला तरी ती बातमी तांबड्या पेशी बनवणाऱ्या हाडांतल्या मज्जेपर्यंत पोचवणारं हार्मोन पुरेसं तयार होत नाही. म्हणून ते बाहेरून द्यावं लागतं.

हे इंजेक्शन हाताशी यायलाही बराच काळ गेला. 1977 मध्ये शिकागोत गोल्डवासर आणि त्यांचे जपानी सहकारी मियाके यांनी ईपीओ पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं. त्यासाठी जपानच्या कुमामोटो भागातल्या ॲप्लास्टिक ॲनिमियाच्या (मज्जा रक्तपेशी बनवणंच सोडते त्या आजाराच्या) रुग्णांची 2,550 लिटर लघवी गोळा करावी लागली होती, आणि हाती आलं ते फक्त काही मिलिग्रॅम! पुढे जीन सापडला आणि 1989 मध्ये अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली. त्याआधी डायलिसिसच्या रुग्णाला वारंवार रक्त चढवण्यावाचून फारसा इलाज नव्हता.

आता मज्जेत काय होतं ते बघ. हाडांच्या मगजात तांबड्या पेशी होऊ घातलेल्या कोवळ्या पेशी असतात. त्यांच्या अंगावर ईपीओचे रिसेप्टर (त्याला पकडणारी प्रथिनं) असतात, तेही फार नाहीत, एका पेशीवर साधारण हजारभर. रिसेप्टर पेशीच्या आवरणातून आरपार गेलेला असतो: एक टोक बाहेर, एक लांब शेपूट आत. ईपीओचा एक रेणू दोन रिसेप्टरना एकदम धरतो आणि त्या पकडीमुळे आतली दोन शेपटं जवळ, नेमक्या कोनात येतात. प्रत्येक शेपटाला आधीपासूनच एक एन्झाइम बिलगलेलं असतं. त्याचं नाव जॅक-2. हो, अण्णांच्या चिठ्ठीवरचं तेच. दोन जॅक-2 समोरासमोर आले की एकमेकांवर फॉस्फेट चढवून जागे होतात आणि मग रिसेप्टरच्या शेपटावरच्या टायरोसिन या अमिनो आम्लाच्या जागांवर फॉस्फेट चढवतात. तिथे स्टॅट-5 नावाचं प्रथिन येऊन बसतं, त्यालाही फॉस्फेट मिळतो. दोन स्टॅट-5 जोडी करून केंद्रकात शिरतात आणि ठरावीक जीन चालू करतात. त्याच वेळी पीआय-3 कायनेज आणि मॅप कायनेज या आणखी दोन वाटा सुरू होतात, पण तांबड्या पेशीच्या गोष्टीत स्टॅट-5 हाच कारभारी.

या संदेशाचा मजकूर काय असतो? मुख्यतः 'मरू नकोस' एवढाच. निरोगी मज्जेतसुद्धा कोवळ्या पेशी गरजेपेक्षा जास्त बनतात आणि ज्यांना वेळेवर ईपीओ मिळत नाही त्या आपोआप मरून जातात. 1990 मध्ये कौरी आणि बॉन्ड्युरंट यांनी हे प्रयोगशाळेत दाखवलं. स्टॅट-5 जे जीन चालू करतं त्यांतला बीसीएल-एक्सएल हा नेमका हे मरण रोखणारा आहे. म्हणजे ईपीओ पेशी घडवण्यापेक्षा त्या वाचवतं जास्त. निरोगी माणसात अशा वाचलेल्या पेशींतून दर सेकंदाला वीस लाखांच्या वर तांबड्या पेशी रक्तात उतरतात.

हा संदेश थांबवण्याचीही सोय आहे. एसएचपी-1 नावाचं एन्झाइम शेपटावर येऊन फॉस्फेट काढतं, स्टॅट-5 नेच चालू केलेली सॉक्स कुळातली प्रथिनं उलट जॅकलाच आवर घालतात आणि वापरलेला रिसेप्टर पेशी गिळून टाकते. हा ब्रेक तुटला तर काय होतं याचं उदाहरण खेळाच्या मैदानावरचं आहे. फिनलंडचा स्कीपटू ईरो मँटिरांटा याने 1964 च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये दोन वैयक्तिक सुवर्णपदकं जिंकली. त्याचं हिमोग्लोबिन इतकं जास्त होतं की लोकांना संशय यायचा. 1993 मध्ये त्याच्या घराण्याचा अभ्यास झाला, तेव्हा कळलं की त्यांच्या ईपीओ रिसेप्टरचं शेपूटच जन्मतः आखूड आहे आणि एसएचपी-1 ला बसायला जागाच नाही. हा दोष मात्र खरोखर खानदानी होता. तुझ्या अण्णांचं तसं दिसत नाही, त्यावर पुढे येते.

दादांचा घोटाळा या संदेशाच्या पुढच्या टप्प्यावर आहे. ईपीओच्या जोरावर पेशी वाचली, पण नंतरच्या दिवसांत तिला स्वतःत हिमोग्लोबिन भरायचं असतं. त्या टप्प्यावर ईपीओची गरज जवळजवळ संपलेली असते आणि लोह लागतं. रोज वीस-पंचवीस मिलिग्रॅम. जेवणातून आत येतं एक-दोन मिलिग्रॅम, बाकीचं सगळं म्हाताऱ्या तांबड्या पेशी मोडून परत वापरलं जातं. डायलिसिसमध्ये नळ्यांत आणि फिल्टरमध्ये राहणारं रक्त, वरचेवर तपासणीला दिलेलं रक्त, असं मिळून वर्षाकाठी एक ते तीन ग्रॅम लोह जातं.

'पण फेरिटिन तर 640 आहे' असं तू म्हणशील. फेरिटिन म्हणजे कोठारातला साठा, आणि अंगात दाह असला की ते तसंही फुगतं. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन सांगतं की त्यातलं किती लोह रक्तातून मज्जेकडे प्रत्यक्ष निघालंय. ते 14 म्हणजे कोठार भरलेलं दिसतंय, पण माल बाहेर पडत नाही. कुलूप लावणाऱ्याचं नाव हेपसिडिन, यकृतात तयार होणारं आणखी एक हार्मोन. ते आतड्यातून लोह आत येऊ देत नाही आणि साठ्यातून बाहेर पडू देत नाही. एरवी ईपीओ मिळालेल्या कोवळ्या पेशी एरिथ्रोफेरोन नावाचं प्रथिन सोडून यकृताला हेपसिडिन कमी करायला लावतात. पण अंगात संसर्ग असला की इंटरल्यूकिन-6 वाढतं आणि तेही यकृताच्या पेशीत जॅक आणि स्टॅट यांच्याच भाऊबंदांमार्फत हेपसिडिन वाढवतं. एकीकडून कमी कर, दुसरीकडून वाढव. अशा ओढाताणीत संसर्गाची बाजू वरचढ ठरते. शिवाय दाहाची रसायनं त्या कोवळ्या पेशींना थेटही दाबतात. म्हणून मी तापापासून सुरुवात केली. नळीत खरोखर संसर्ग असेल तर ती काढून किंवा बदलून, प्रतिजैविकं देऊन तो आटोक्यात आणल्याशिवाय कुठलंही इंजेक्शन नीट लागू पडणार नाही. अशा संसर्गाच्या काळात शिरेतून लोहही देत नाहीत, कारण जंतूंनाही लोह हवंच असतं. संसर्ग गेल्यावर मात्र 14 टक्के सॅच्युरेशन बघून डॉक्टर शिरेतून लोह द्यायचा विचार करतील. हेपसिडिन चढलेलं असताना तोंडाने घेतलेली गोळी आतड्यातच अडते, त्यामुळे गोळ्या बंद केल्याने फार बिघडलेलं नाही. हातावर फिस्टुला (डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडून केलेली कायमची जागा) करण्याचं का रखडलंय तेही विचार. आठ महिने मानेतल्या नळीवर काढणं बरोबर नाही.

आता 10,000 चा सल्ला. विहिरीत पाणी नसताना स्टार्टरचं बटण कितीही दाबलं तरी पाटात पाणी येत नाही, मोटर मात्र जळते. इथे जळण्याचा धोका खराच आहे. 2006 मधल्या चॉइर नावाच्या चाचणीत किडनीच्या रुग्णांचं एचबी औषधाने 13.5 पर्यंत न्यायचा प्रयत्न झाला, तेव्हा 11.3 वर ठेवलेल्यांपेक्षा त्यांच्यात मृत्यू आणि हृदयाचे त्रास जास्त झाले. 2009 च्या ट्रीट चाचणीत, जी नेमकी शुगर आणि किडनी अशा दोन्ही आजारांच्या रुग्णांवर होती, पक्षाघाताचं प्रमाण जवळजवळ दुप्पट निघालं. त्यामुळे आता ध्येय साधारण 10 ते 11.5 एवढंच ठेवतात, आणि औषध लागू पडत नसेल तर सुरुवातीच्या डोसाच्या दुपटीपलीकडे वाढवत जाऊ नये असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. या इंजेक्शनाने बीपीही चढतं. डोस वाढवायचा की नाही हे डॉक्टर ठरवतील, तेही कारण शोधल्यावर आणि निदान चार आठवड्यांचा परिणाम बघून. ओळखीच्या माणसाचा सल्ला प्रेमाचा असेल, पण तो ऐकू नकोस. लोह आणि ताप सोडून बाकी कारणंही डॉक्टरांना विचार: डायलिसिस पुरेसं होतंय का (दोनाऐवजी तीन पाळ्या जमतील का), पॅराथायरॉइड, बी-12 आणि फोलेट. जमत असेल तर हा कागद सोबत ने.

बीट-डाळिंबाच्या रसाबद्दल आईला हलक्या हाताने सांग, कारण तिने जीव तोडून केलंय. डायलिसिसच्या माणसाला पोटॅशियम हा मोठा वैरी. बीट, डाळिंब, नारळपाणी यांतून ते भरपूर जातं आणि वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. शेंगदाण्यात पोटॅशियम आणि फॉस्फरस दोन्ही, गुळात पोटॅशियमबरोबर दादांची शुगरही. लाल रंगाचं खाल्लं की रक्त वाढतं हा आपल्याकडचा समज बाळंतिणीच्या बाबतीत खपून जातो, किडनीच्या बाबतीत महागात पडतो. ज्वारीची भाकरी चालेल का, वरण किती, भाज्या कुठल्या आणि त्या उकळून पाणी टाकून कशा करायच्या, हे युनिटच्या आहारतज्ज्ञाकडून आईच्या समोर लिहून घ्या.

इंजेक्शनाच्या प्रवासाबद्दल तू सहज लिहून गेलास, पण मला तेही खटकलं. हे नाजूक प्रथिन आहे, 2 ते 8 अंशांत राहायला हवं. मे महिन्यात लातूर-औसा एस.टी.त शर्टाच्या खिशातून आणलेली सिरिंज आणि बर्फाच्या पिशवीला चिकटवून आणलेली सिरिंज, दोन्ही वाया. गोठलं तरी ते खराब होतं. तोंड मोठं असलेला थर्मास घे, तळाला बर्फाची जेल-पॅक, वर जाड सुती फडकं, त्यावर इंजेक्शन, त्यावर पुन्हा फडकं. घरी फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेव, फ्रीजरला लागून नको, दारातही नको. लाइट गेली की फ्रीज वारंवार उघडू नका, आणि तासन् तास गेलीच तर ती इंजेक्शनं वापरण्याआधी औषध दुकानदाराला किंवा युनिटला विचार. जोरात हलवायचं नाही, गढूळ किंवा कण दिसणारं वापरायचं नाही. त्यापेक्षा सोपं म्हणजे डायलिसिसच्या दिवशी युनिटमध्येच ते द्यायची सोय आहे का विचार, मग एस.टी.चा प्रश्नच मिटला.

अण्णांकडे येते. त्यांचं एचबी 18.9 असण्याची दोन प्रकारची कारणं असू शकतात. एक, ऑक्सिजन खरंच कमी पडतोय म्हणून किडनी ईपीओ जास्त सोडते: बिडी-सिगारेट, फुफ्फुसाचा जुना आजार, झोपेत घोरता घोरता श्वास अडकणं. दुसरं, मज्जेतला स्टार्टरच चिकटलाय. या दुसऱ्या आजाराला पॉलिसायथेमिया व्हेरा म्हणतात. अशा रुग्णांच्या मज्जेतल्या पेशी ईपीओ न घालताही काचेच्या बशीत वाढतात, हे 1974 मध्येच दिसलं होतं, पण का ते 2005 मध्ये उमगलं. जॅक-2 च्या साखळीत 617 व्या जागी व्हॅलिनऐवजी फिनाइलअलॅनिन आलं की त्याचा स्वतःला आवरणारा भाग निकामी होतो आणि हार्मोन नसतानाही स्टॅट-5 ला 'चालू' असा निरोप जात राहतो. पॉलिसायथेमिया व्हेराच्या साधारण 95 टक्के रुग्णांत हा बदल सापडतो. म्हणून ती तपासणी. सोबत रक्तातलं ईपीओ मोजलं तर ते बहुधा कमी निघतं, कारण किडनी बिचारी ईपीओ सोडायची कधीच थांबलेली असते. अण्णांना आंघोळीनंतर अंगाला खाज सुटते का, डोकं जड राहतं का, हातापायाच्या बोटांची आग होते का, हे विचारून डॉक्टरांना सांग. तंबाखू, बिडी असेल तर तेही न लपवता.

हा आजार निघाला तरी हातपाय गाळू नका. धोका गुठळीचा असतो: पक्षाघात, हार्ट अटॅक. ठरावीक अंतराने रक्त काढून हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) 45 टक्क्यांखाली ठेवायचं आणि बहुतेकांना कमी डोसाची ॲस्पिरिन, हा पाया. काहींना पुढे गोळ्या लागतात. त्यांतली रक्सोलिटिनिब थेट जॅकलाच आवरते, आणि तिचा एक ठरलेला त्रास म्हणजे ॲनिमिया, कारण ती निरोगी पेशींचा ईपीओचा संदेशही दाबते. पण डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

'एकाचं काढा, दुसऱ्याला घाला' हा हिशेब कागदावर झकास दिसतो, म्हणून तो घरोघरी सुचतो. पण पॉलिसायथेमिया व्हेराच्या रुग्णाचं रक्त रक्तपेढी दुसऱ्याला देत नाही. तो मज्जेतल्या पेशींचाच कर्करोगासारखा आजार आहे. शिवाय रक्त चढवलं की दादांच्या अंगात परक्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी तयार होऊ शकतात, आणि उद्या घरातल्या कुणाची किडनी बसवायची वेळ आली तर त्या आडव्या येतात. जवळच्या नातेवाइकाचं रक्त तर त्या दृष्टीने आणखीच टाळायचं. श्वास लागतोय, छातीत दुखतंय असं झालं तर रक्त द्यावंच लागतं, तो निर्णय डॉक्टरांचा.

राहिला खानदानाचा प्रश्न. जॅक-2 मधला तो बदल आईवडिलांकडून आलेला नसतो, मज्जेतल्या एका मूळ पेशीत आपोआप होतो, त्यामुळे तो अण्णांकडून तुझ्याकडे वारशाने येत नाही. दादांच्या किडनीशीही त्याचा संबंध नाही. दोघं सख्खे भाऊ असणं हा इथे निव्वळ योगायोग. तुझ्या वाट्याला येण्यासारखं घरात जे आहे ती शुगर आहे. तू विशीतला आहेस म्हणून अजून वेळ आहे असं समजू नकोस. वर्षातून एकदा उपाशीपोटीची साखर आणि एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) कर, बीपी बघ, आणि शुगर निघालीच तर लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) आणि रक्तातलं क्रिएटिनिन त्या दिवसापासून. दादांच्या वेळी लघवीतलं अल्ब्युमिन कधी तपासलं होतं का, हे त्यांच्या जुन्या फाइलीत एकदा बघ आणि डॉक्टरांना दाखव.